विमलच्या वहीतला चौथा रकाना

फोन आला तेव्हा मी दुकानात मुदत संपलेल्या औषधांची खोकी वेगळी काढत होतो. श्रीरामपुरातलं आमचं मेडिकल आता मुलगा बघतो, पण हे एक काम त्याने माझ्याकडे ठेवलं आहे, म्हातारा गुंतून राहावा म्हणून. सकाळचे साडेदहा झाले असतील. पलीकडून भाची मनीषा बोलत होती. "मामा..." एवढंच म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "आई गेली. मशीन लावायच्या आधीच गेली." मी "बरं" म्हणालो. सदुसष्ट वर्षांची धाकटी बहीण गेल्याचं ऐकून मी "बरं" म्हणालो आणि हातातलं खोकं खाली ठेवायचं विसरून तसाच उभा राहिलो. गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं. ते मी दिलं, वर कसं घ्यायचं तेही सांगितलं.

आमच्या भागात दशक्रियेला भाषणं होतात. पुणतांब्याला गोदावरीच्या घाटावर माइक लावलेला होता, सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि विमलच्या सासरच्या, म्हणजे शिर्डीच्या, दोघा-तिघा जाणत्या लोकांनी श्रद्धांजली वाहिली. त्यांतले एक म्हणाले, "विमलबाईंचं डोकं जन्मभर दुखलं, पण भाऊ असावा तर त्यांच्या भावासारखा. चाळीस वर्षांत श्रीरामपूरहून बहिणीचं औषध आलं नाही असा एक आठवडा गेला नाही." लोकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या दाजींनी, विमलच्या नवऱ्याने, माझा गुडघा दाबला. "तुमी लई केलं तिच्यासाठी," ते हळूच म्हणाले. आणि मी हात जोडले. सगळ्यांना दिसतील असे जोडले. त्या हात जोडण्याची लाज अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

ते औषध काय होतं हे भाषण करणाऱ्या कुणाला माहीत नव्हतं. विमल मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. ती मूत्रपिंडं निकामी झाली रोजच्या दुखण्याच्या गोळ्यांनी, आणि त्या गोळ्या मी दिल्या होत्या.

विमलचं डोकं पहिल्यांदा उठलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आमचं गाव श्रीरामपूरपासून आत, कालव्याखालचं. कापूस वेचायला सगळे रानात गेलेले आणि ही घरात, कणगीमागच्या अंधारात, डोक्याला आईचं लुगड्याचं फडकं आवळून पडलेली. दाराची फट उघडली तरी कण्हायची. वडील म्हणाले, नाटकं करती. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, तेव्हा नुकता श्रीरामपूरच्या कॉलेजात जायला लागलेला, म्हणजे घरातला शहाणा. मी म्हणालो, "कामाची वेळ झाली की बरोबर हिचं डोकं उठतं." सगळे हसले. ती अंधारातून म्हणाली, "दादा, तुझं एकदा दुखू दे, मंग बोल." नंतर ती ओकली, आणि ओकून झाल्यावर तीच उठून सारवायला लागली. मला तेव्हा ते दिसलं होतं. दिसूनही मी हसण्यातलाच एक राहिलो.

आई या दुखण्याला अर्धशिशी म्हणायची. एकदा सूर्य उगवायच्या आत विमलला गरम दूध-जिलबी खाऊ घातली, कारण ऊन चढतं तसं हे दुखणं चढतं असं सगळे म्हणत. सात दिवस खाल्ली. विमलला जिलबी आवडायची, त्यामुळे तिने आठव्या दिवशीही दुखतंय म्हणून सांगितलं. पुढे ही गोष्ट ती स्वतःच रंगवून सांगायची. "एकच दिवस खोटं दुखलं माझं," म्हणायची, "आन् नेमकं त्याच दिवशी सगळ्यांनी खरं मानलं."

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. दाजींच्या घरचं शिर्डीत फुलांचं आणि प्रसादाचं दुकान. स्थळ चांगलं होतं, माणसं कष्टाळू होती. पण आम्ही कुणी हा विचार केला नाही की ज्या मुलीला अगरबत्तीच्या वासाने मळमळतं तिला आपण फुलांच्या ढिगाशेजारी नेऊन बसवतोय. दुकानाच्या मागच्या खोलीत बायका हार करायच्या. गुलाब, झेंडू, शेवंती याचं तिला काही वाटत नसे. निशिगंधाची टोपली आली की मात्र तिच्या उजव्या डोळ्याच्या वर एक शीर उडायला लागायची. गुरुवारी दर्शनाची गर्दी, म्हणून बुधवारपासूनच निशिगंध उतरायचा, ओल्या पोत्यांखाली झाकलेला. ती पदर नाकाला बांधून सुई चालवायची. सासूला वाटायचं, सून फुलांना नाक मुरडते.

सासू वाईट नव्हती. उलट सुनेची काळजी वाटूनच तिने तिला गुरुवारचा उपास धरायला लावला, डोकं दुखायचं राहावं म्हणून. विमलने तो मनोभावे धरला, दिवसभर पाणीसुद्धा बेताने. पोटात अन्न नाही, पहाटेपासून जाग, पुढ्यात निशिगंध... त्यामुळे गुरुवारी दुपारी डोकं हटकून उठायचं. आणि ते उठलं की सासू म्हणायची, उपासात काही चूक झाली असंल, आता दोन्ही वेळचा धर. हे चक्र तीस-चाळीस वर्षं चाललं आणि आम्हा कुणाला त्यात काही दिसलं नाही. मधल्या काळात चष्मा लावून झाला. सायनस म्हणून नाकात वाफा घेऊन झाल्या. एकाने दाढेचं दुखणं म्हणून उजवीकडची चांगली दाढ उपटली. विमल म्हणाली, "दाढ गेली, आता दुखायला एक जागा कमी झाली." कपाळावर सुंठेचा लेप लावून लावून तिथली कातडी काळवंडली होती.

मी औषधशास्त्राची पदविका घेतली आणि श्रीरामपुरात स्टँडजवळ दुकान टाकलं, त्या वर्षीची भाऊबीज. शिर्डीला तिच्याकडे गेलो तर तबक तयार, निरांजन लावलेलं, पाट मांडलेला, आणि ओवाळणारी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. निरांजनाची ज्योतसुद्धा तिला सोसत नव्हती. माझ्या पिशवीत गोळ्या होत्या. एक दुखण्याची, जरा जोराची, दुसरी तिच्या जोडीला, एक आम्लपित्ताची, अर्धी उलटीची. हे मिश्रण माझ्या मनाने केलेलं. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, त्यात गोळ्या ठेवल्या आणि तिला दिल्या. अर्ध्या-पाऊण तासाने विमल उठली, तोंड धुतलं, केस सारखे केले आणि मला ओवाळायला आली. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "दादा, तुझ्या हाताला गुण हाय रे." तबकात मी साडी ठेवली. ती म्हणाली, "साडी राहू दे. तसली पुडी अजून हाय का?" सगळं घर हसलं. मला जन्मात इतकं मोठं कुणी केलं नव्हतं. ज्या बहिणीला मी नाटकी म्हणालो होतो तिचं दुखणं मी पाऊण तासात उतरवलं होतं. तेव्हापासून दर भाऊबिजेला तबकात साडीवर पुडी ठेवायची पद्धतच पडली. घरात त्याचं कौतुक व्हायचं.

आणि दर बुधवारी साडेअकराच्या श्रीरामपूर-शिर्डी एसटीने पुडी जायला लागली. कंडक्टर ओळखीचे. कॅलेंडरच्या जाड कागदाचे चौकोन मी एकदमच कापून खणात ठेवायचो, पुडी बांधायची, वर "विमल" लिहायचं, स्टँडवर जाऊन हातात द्यायची. एक कंडक्टर तर पंधरा-वीस वर्षं त्याच मार्गावर होता. "काय शेठ, बहिणीचा डबा का?" म्हणायचा. एकदा म्हणाला, "इतकी वर्षं नेतोय, एक मला पण द्या की. बायको बोलायला लागली की माझं पण अर्धंच डोकं दुखतं." मी हसून त्यालाही एक दिली होती.

आठवड्याला एक पुडी होती ती दोन झाली. मग चार. आमची आई गेली त्या वर्षी रोज एक. गुरुवारी दोन, कधी तीन. मी मोजत नव्हतो असं नाही. माझ्या समोरच्या गिऱ्हाइकाला मी सांगायचो, "ही गोळी रोज घ्यायची नसते, मूत्रपिंडावर परिणाम होतो." हे वाक्य मी हजारदा बोललो असेन. शिकताना पाठ केलं होतं, गोळ्यांच्या खोक्यातल्या कागदावर छापलेलं होतं. विमलला ते वाक्य मी कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर शोधत हे चार आठवडे गेले. एवढंच सापडलं की फोनवर तिचा तो आवाज आला, दाताखाली शब्द धरून बोलल्यासारखा, की माझं शिकलेलं सगळं गळून पडायचं. दुसरं काही द्यायला माझ्याकडे नव्हतं. पुडी नाही दिली तर मी तिचा कोण उरत होतो?

मनीषा, तिची एकुलती मुलगी, लग्न होऊन नगरला नागापूरच्या बाजूला गेली. जावई तिथल्या कारखान्यात. सहा वर्षांपूर्वी मनीषानेच हट्टाने आईला नगरच्या एका मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर गेलो. तरुण डॉक्टर होते. त्यांनी तपासण्याआधी नुसतं बोलतच ठेवलं. किती वर्षं दुखतं, कुठली बाजू, आधी डोळ्यांपुढे काही चमकतं का, वास, ऊन, उपास, झोप. मग विचारलं, "मावशी, महिन्याला दुखण्याच्या गोळ्या किती होतात?"

"चार-पाच."

"मावशी, मी तुमच्या मुलासारखा. मुलापुढे तरी खरं बोला."

विमलने माझ्याकडे पाहिलं नाही. "रोजची एक," म्हणाली. "गुरुवारी जास्त."

"कोण देतं? चिठ्ठी लागते त्याला."

"हाय एक मेडिकलवाला."

"असा कसा मेडिकलवाला? माणूस आहे का कोण?"

"चांगला हाय," विमल म्हणाली. "त्याला काय बोलू नका."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. मनीषाने माझ्याकडे पाहिलं, पण आईने गप्प केलं म्हणून तीही गप्प राहिली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. म्हणाले, तुमची अर्धशिशी खरी आहे, जुनी आहे. पण आता रोजचं जे दुखतं ते गोळ्यांचं आहे. गोळीचा अंमल उतरला की डोकं पुढची गोळी मागतं, दुखून मागतं. "तुमची अर्धशिशी खरी आहे" या वाक्याला विमल रडायला लागली. डॉक्टर गोंधळले. पन्नास वर्षांनी कुणीतरी तिला ते म्हणालं होतं, हे त्यांना कसं कळणार? रक्त तपासलं, तर मूत्रपिंडांवर थोडा ताण निघाला. "अजून सावरता येईल," ते म्हणाले. "त्या गोळ्या आजपासून बंद. ही नवीन रोज रात्री एक. ही दुखणं थांबवायची नाही, दुखणं येऊच नये म्हणून आहे. तिचा गुण यायला दीड-दोन महिने लागतील. उपास बंद, जेवण वेळेवर, निशिगंध दुसऱ्या कुणीतरी ओवावा. आणि पहिले तीन आठवडे वाईट जातील मावशी, त्यात टिकायचं." शेवटी एक वही करायला सांगितली. चार रकाने. तारीख-वार. किती वेळ दुखलं. त्याआधी काय खाल्लं, काय झालं. आणि चौथा, दुखण्याची कोणती गोळी घेतली. "हा चौथा रकाना माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा," डॉक्टर म्हणाले. "यात खोटं नको. मी याच्यावरून औषध ठरवणार."

विमल सातवी शिकलेली. तिने दुकानातली फुलांच्या मागणीची कोरी वही घेतली आणि मोजपट्टीने रेघा मारल्या. पहिला आठवडा भयंकर गेला, दाजी फोनवर सांगायचे. दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी तिने भीत भीत दुपारी भाकरी खाल्ली. सोळाव्या दिवशी तिचा स्वतःचा फोन आला. "दादा, आज मी उन्हात उभी राहिले. दुकानाच्या दारात. दहा मिनिटं." मी म्हणालो, "मग?" ती म्हणाली, "मग काय न्हाई. नुसती उभी राहिले. रस्ता लई लख्ख दिसला."

एकोणिसाव्या दिवशी दाजींचा फोन आला. डोकं असं उठलंय की भिंतीवर आपटतीय. तुमी या, आन् ती पुडी घिऊन या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असा एखादा मोठा झटका येईल, तेव्हा मला फोन करा. फोन करायला हवा होता. नंबर माझ्या खिशात होता. मी खणातून कागद काढला, पुडी बांधली आणि मिळेल त्या एसटीने शिर्डी गाठली.

ती आतल्या खोलीत होती. पुडी पाहून तिने मान हलवली. "नको दादा."

"घे. एवढी एकच."

"नको. एकोणीस दिवस झाल्यात." मग म्हणाली, "वहीत लिहावं लागंल."

"मग नको लिहू," मी म्हणालो.

हे माझं वाक्य आहे. दाजी दारात होते, त्यांनी ऐकलं असेल, पण ते विसरले असतील. मी विसरलेलो नाही. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, एक डोळा मिटलेला, दुसरा लाल. मग हात पुढे केला. पाऊण तासाने उठून बसली, आणि मला चहा करायला गेली. मला वाटलं, आपण वेळेवर पोचलो.

पुढच्या भेटीत डॉक्टर वही उलटत होते. एका पानावर थांबले. चौथा रकाना अठरा दिवस कोरा होता. मग लिहिलं होतं, "दादा आला." आणखी चार दिवसांनी, "दादा आला." मग दोन दिवसांनी. डॉक्टर हसले. "हे काय मावशी, गोळीच्या रकान्यात भाऊ? पण बघा, भाऊ आला की दुखणं तासाभरात थांबलेलं दिसतंय. त्यांना ठेवूनच घ्या तुमच्याकडे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही काय जादू करता?"

मी हसलो. विमलही हसली. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर... एवढंच सांगायचं होतं की डॉक्टर, ती गोळी आहे, मी देतो. दहा शब्दसुद्धा लागले नसते. पण मागच्या भेटीत ज्याला डॉक्टर "असा कसा मेडिकलवाला" म्हणाले होते तो मी आहे, हे मला त्या पोरासारख्या माणसापुढे कबूल करवलं नाही. डॉक्टर पुन्हा वहीकडे वळले. म्हणाले, दुखण्याच्या गोळ्या बंद करूनही झटके कमी नाहीत, म्हणजे हे औषध लागू पडत नाही, बदलू या. बदललं. नंतर पुन्हा बदललं. जे औषध कदाचित तिला लागू पडत होतं ते माझ्या गप्प बसण्यामुळे बंद झालं. वर्षभराने विमलच म्हणाली, "लांब जायचं, हात हलवत यायचं. आपली पुडीच बरी." मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

दोन वर्षांपूर्वी पायावर सूज आली. मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस, नगरला, मनीषाच्या घरी राहून. मी बुधवारी जायचो, तीच साडेअकराची वेळ, आता गाडी वेगळी. मशीनवर चार तास. आणि मशीनवर तिचं डोकं दुखायचं. आता पुडी द्यायची सोयच नव्हती, ती दिली तर उरलंसुरलं जाणार. तिथे मिळायची ती साधी गोळी, तिने काही व्हायचं नाही. मी रुमाल ओला करून कपाळावर ठेवायचो, तो गरम झाला की परत ओला करायचो. चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात काढलेला माणूस, आणि हातात ओला रुमाल. डोळे मिटून पडलेली असली की तिची बोटं चादरीवर चालायची, सुईत फूल ओवून पुढे सरकवल्यासारखी. एकदा डोळे न उघडताच म्हणाली, "दादा, दुकान बंद कर आता. तुझं जुनं गिऱ्हाईक चाललं." मी म्हणालो, "गप." ती म्हणाली, "गप तर राहिलेच की." आणि पुन्हा बोटं चालायला लागली. मी रुमाल भिजवायला उठलो तो नळापाशी बराच वेळ उभा राहिलो.

त्या दिवशी घाटावर भाषणं झाल्यावर लोक जेवायला उठले, आणि मनीषा एका कडुनिंबाखाली पदर डोळ्यांवर ओढून बसलेली दिसली. जवळ गेलो तर म्हणाली, "मामा, आईची पुडी आहे का एखादी? सकाळपासून उजवी बाजू ठणकतेय." तिचंही दुखतं हे मला ठाऊक होतं, इतकं दुखतं हे नव्हतं. शीर तीच, जागा तीच.

"नाही," मी म्हणालो.

"दुकानात तर असतील."

"दुकानात आहेत. पण देणार नाही."

तिने पदर बाजूला केला. "आईला जन्मभर दिलीत. मला नाही?"

मी तिला तिथेच, उभ्या-उभ्या सांगितलं की तुझी आई त्यानेच गेली. तिने ऐकलं. मग म्हणाली, "बरं. पण आत्ता मी काय करू मामा? आत्ता?" मी खाली जाऊन रुमाल गोदावरीत बुडवून आणला आणि तिच्या कपाळावर ठेवला. तिने तो ठेवू दिला. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

आठ दिवसांनी दाजींनी विमलचं सामान काढलं तेव्हा ती वही मी मागून घेतली. घरी आणून चष्मा लावून पहिल्यापासून वाचली. डॉक्टरांकडे जाणं थांबल्यावरही तिने वही थांबवली नव्हती. शेवटच्या आजारापर्यंत लिहिली होती. पानापानावर "दादा आला, दादा आला." ज्या दिवसांत मी श्रीरामपूर सोडलंही नव्हतं, नुसती एसटीने पुडी गेली होती, त्या दिवसांतही. मी म्हणालो होतो, लिहू नको. तिने गोळी लिहिली नाही. पण रकाना कोरा ठेवणं तिला जमलं नाही. डॉक्टरांनी खोटं नको म्हणून सांगितलं होतं.

मग मी लाल पेन घेतलं. प्रत्येक "दादा आला" समोर गोळ्यांची नावं लिहिली. कोणती, किती. मला पाठ आहेत. चार दुपारी लागल्या. ती वही घेऊन नागापूरला गेलो आणि मनीषाला बसवून सगळं सांगितलं, एकोणिसावा दिवससुद्धा, डॉक्टरांचं हसणंसुद्धा. ती फार वेळ पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "या गोळ्यांनी काय होतं ते तुम्हाला माहीत होतं, हे आईला माहीत होतं का?"

मी म्हणालो, मला ठाऊक नाही. अजूनही नाही. कधी वाटतं माहीत असणार, कधी वाटतं नसेल तर बरं.

"घाटावर सगळ्यांनी दुसरंच ऐकलंय," मनीषा म्हणाली. "त्यांना कोण सांगणार?" म्हणून हा लेख.

आम्ही दोघं त्याच डॉक्टरांकडे गेलो. मी वही पुढे ठेवली आणि म्हणालो, तो मेडिकलवाला मी. त्यांनी वही जवळ ओढली. लाल अक्षरं वाचत गेले, एका पानावर थांबून मागे गेले, तारखा ताडून पाहिल्या. मग वही मिटून त्यांनी मनीषाला विचारायला सुरुवात केली. कुठली बाजू, किती वेळ, महिन्याला गोळ्या किती. तिला नवीन वही करायला सांगितली. मनीषा म्हणाली, आईच्या वहीत पानं उरली आहेत.

परवा तिचा फोन आला. सकाळच्या गडबडीत खाणं चुकलं, कारखान्याच्या रस्त्यावरचं ऊन लागलं आणि डोकं उठलं. राहवलं नाही, शेजारच्या मेडिकलमधून एक गोळी आणून घेतली. जोराची, चिठ्ठीशिवाय मिळाली. "मामा, लिहू का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "लिही. गोळीचं नाव लिही, वेळ लिही." ती म्हणाली, "आणि कुणी दिली?" मी म्हणालो, "तेही लिही." मग ती म्हणाली, "डोकं अजून जड आहे, मामा," आणि तिने फोन ठेवला. तिचं दुखतं आहे, मला ऐकू येतं आहे, आणि मी इथे बसून तिला वहीत लिहायला सांगतो आहे.

दुकानाच्या भिंतीवरचं घड्याळ तेव्हा साडेअकराला आलं होतं. बाहेर स्टँडवर शिर्डीची गाडी लागल्याचं पुकारत होते. समोरचा खण उघडा होता, आणि माझ्या हातात कॅलेंडरचा एक चौकोन होता, चारही बाजूंनी दुमडलेला, कडा नखाने दाबलेल्या. कधी घेतला, कधी दुमडला, कळलं नाही. उघडून पाहिला. आत काही नव्हतं.